आधी दात बघ, मग रंग

परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, शोरूमवाले डेमोची इलेक्ट्रिक गाडी सव्वा लाखानं कमी लावतायत. ती घेऊ का नवीन बुक करू?" मी म्हटलं, बघू. तुला वाटलं मामा टाळतोय. टाळत नव्हतो गं. मी स्वतः एकदा डेमोची गाडी घेऊन बसलोय, त्यामुळं या विषयावर मला जरा जास्तच बोलायचं असतं, आणि फोनवर तुझा पोरगा मध्येमध्ये ओढाताण करत होता. म्हणून लिहूनच पाठवतो. जावईबापूंनाही वाचायला दे.

तुझे आजोबा काष्टीच्या बाजारात बैल घ्यायचे-विकायचे. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून शनिवारी त्यांच्याबरोबर दौंडहून भीमा ओलांडून जायचो. बैल कितीही देखणा असो, शिंगं रंगवलेली, अंगावर हात फिरवून चकचकीत केलेला, आजोबा रंगरूपाकडं बघायचेच नाहीत. डाव्या हातानं वेसण धरायची, उजव्या अंगठ्यानं खालचा ओठ ओढायचा आणि दात मोजायचे. आदत, दुसा, चौसा, जुळलेला. मालक छातीठोक सांगायचा, "आबा, चौसा आहे." आजोबा ओठ सोडून धोतराला हात पुसायचे आणि शांतपणे म्हणायचे, "जुळून दोन पावसाळे झालेत याला." मग उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा. दात बघायच्या आधी भावाला हात घालताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

गाडीलाही दात असतो. चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो, आणि बहुतेक कंपन्यांच्या नंबरात दहावं अक्षर बनल्याचं साल सांगतं. पी म्हणजे २०२३, आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. मधला क्यू गाळलेला आहे, कारण तो शून्यासारखा दिसतो. अक्षरांवर विश्वास बसत नसेल तर आरसी बघ, तिथं उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. टायरच्या कडेलाही चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३२४ असेल तर टायर २०२४च्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडी नवीन आणि टायर जुने, किंवा गाडी जुनी आणि टायर कालचे, दोन्ही वेळा विचारायचं, का बुवा?

आता मुद्द्यावर येतो. 'डेमो' हा एकच शब्द शोरूमवाले तीन वेगळ्या गाड्यांना लावतात. एक काचेच्या आत उभी असलेली, जिची नोंदणी झालेलीच नाही. दुसरी आवारात उन्हात पडून राहिलेली, गेल्या वर्षीचा न खपलेला माल. तिसरी खरी डेमो, जी लोकांना चालवायला दिली जाते आणि जिची नोंदणी शोरूमच्या नावावर झालेली असते. पहिल्या दोन्हींत तू पहिली मालकीण होतेस. तिसरीत आरसीवर मालकाच्या क्रमांकासमोर दोन हा आकडा येतो. त्यामुळं पहिला प्रश्न 'किती कमी करता' हा विचारायचा नाहीच. पहिला प्रश्न, "नाव कुणाचं लागलंय?"

का ते सांगतो. पेट्रोलच्या गाडीचं जुनं गणित जावईबापूंच्या डोक्यात असणार. आपल्याकडं पेट्रोलच्या गाडीला एकरकमी रस्ताकर लागतो, दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२, त्यावर १३. बारा लाखांची गाडी म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार सरकारात. डेमोच्या गाडीचा हा कर आधीच भरलेला असतो, म्हणून पेट्रोलची डेमो घेणारा खरोखर फायद्यात असायचा. इलेक्ट्रिक गाडीला महाराष्ट्रात हा कर माफ आहे. २०२१च्या धोरणात माफ होता, २०२५च्या धोरणातही आहे. मार्च २०२५मध्ये तीस लाखांच्या वरच्या गाड्यांवर सहा टक्के कर बसवायचा प्रस्ताव आला होता, तोही मागं घेतला. म्हणजे शोरूमवाल्यानं तुझा जो कर 'वाचवला', तो मुळात नव्हताच. पेट्रोलच्या डेमोवर सव्वा लाख सूट आणि इलेक्ट्रिकच्या डेमोवर सव्वा लाख सूट, या दोन्ही सारख्या नाहीत. ही गोष्ट शोरूममधला पोरगा सांगणार नाही. त्यालाही माहीत नसते कदाचित.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. इलेक्ट्रिक गाडीत किंमत बॅटरीची. पूर्वी बहुतेक कंपन्या बॅटरीवर आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यातलं जे आधी येईल ते, असा भरवसा द्यायच्या. आता शर्यत लागलीय. महिंद्रानं बीई ६ आणि एक्सईव्ही ९ईवर आयुष्यभराची बॅटरी वॉरंटी दिली, एमजीनं विंडसरवर दिली, टाटानं २०२५च्या जुलैत नेक्सॉनच्या ४५ युनिटवाल्या बॅटरीवर आणि कर्व्हवर दिली. जाहिरातीत 'आयुष्यभर' मोठ्या अक्षरात असतं. खाली बारीक अक्षरात असतं, पहिल्या खाजगी मालकासाठी. गाडी हातची गेली की वॉरंटी पुन्हा वर्षांच्या आणि किलोमीटरच्या मापात येते. टाटाची आठ वर्षं, एक लाख साठ हजार. महिंद्राची दहा वर्षं, दोन लाख. आणि हे दिवस मोजायला सुरुवात होते ती पहिल्या नोंदणीपासून, तू चावी घेतलीस त्या दिवसापासून नाही. गाडी वर्षभर शोरूमच्या नावावर फिरली असेल तर वॉरंटीतलं ते वर्षही शोरूमनं खाल्लं. कंपनीच्या पुस्तिकेतलं ते पान फोटो काढून घे, आणि तुझ्या चासी नंबरावर नेमकी काय वॉरंटी लागू आहे ते शोरूमच्या लेटरहेडवर लिहून माग. तोंडी 'मॅडम, सगळं ट्रान्सफर होतं' याला काष्टीच्या बाजारात जेवढी किंमत आहे तेवढीच इथं.

मला विचारशील तर माझा ठोकताळा असा. नोंदणी न झालेली, काचेतली गाडी साडेचार-पाच टक्के कमी मिळाली तरी बघायला हरकत नाही. नोंदणी झालेली डेमो नव्या गाडीच्या आजच्या किमतीपेक्षा पंधरा टक्के तरी खाली पाहिजे. 'आजच्या' या शब्दाखाली रेघ मार. इलेक्ट्रिक गाड्यांच्या किमती झपाट्यानं बदलतात. टाटानंच फेब्रुवारी २०२४मध्ये नेक्सॉनची इलेक्ट्रिक गाडी एक लाख वीस हजारांपर्यंत उतरवली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सणाच्या नावाखाली तीन लाखांपर्यंत. मॉडेलही तसंच. २०२०च्या जानेवारीत ही गाडी आली तेव्हा बॅटरी होती ३०.२ युनिटची आणि कागदावरची रेंज ३१२ किलोमीटर. २०२४ला तिच्यात ४५ युनिटची बॅटरी बसली आणि कागदावर ४८९ आले. या चार वर्षांत डेमोच्या गाडीवर दहा टक्के सूट मिळवून ज्यानं स्वतःची पाठ थोपटली, त्याला पुढच्या दसऱ्याला नवीन गाडी तेवढ्याच पैशात, वर जास्त पळणारी, दिसली असेल. पंधरा लाखांच्या गाडीवर सव्वा लाख म्हणजे जेमतेम आठ टक्के. तुला मिळतेय ती सूट काचेतल्या गाडीसाठी चांगली आहे, डेमोसाठी नाही.

गंमत बघ, नेक्सॉन तुझ्या कंपनीपासून हाकेच्या अंतरावर बनते. रांजणगावच्या एमआयडीसीत टाटा आणि फियाटचा मिळून कारखाना आहे, तिथंच. महिंद्राच्या त्या दोन गाड्या चाकणच्या. तू ड्युटी संपवून निघतेस तेव्हा नगर रस्त्यावर लांबलचक ट्रकवर चढवलेल्या कोऱ्या गाड्या पुढून जातात, आणि तरी गाडी घ्यायला आपल्याला शोरूमच्या दारातच उभं राहावं लागतं. कारखान्याच्या गेटवर दूध मिळतं तशी गाडी मिळत नाही.

आता माझी गोष्ट. माझी गाडी कुठल्या कंपनीची आणि कुठून घेतली ते तुला माहीत आहे, नाव लिहीत नाही. साडेनऊ हजार किलोमीटर चाललेली डेमो होती. मी कागद बघितले, टायर बघितले, दात बघितला. तुझ्या आजोबांचा पोरगा शोभेन इतकं बघितलं. घरी आणली, देवाला नारळ फोडला, आणि संध्याकाळी चार्जिंगला लावायला डिकी उघडली तर केबलच नाही. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावायची जी केबल गाडीबरोबर येते ती शोरूमातच राहिली होती, आणि भिंतीवरचा चार्जर तर शोरूमच्या भिंतीवरच बसवलेला. नवीन गाडीबरोबर कंपनी घरी येऊन तो बसवून देते. डेमोवाल्याला कोण बसवून देणार? केबल मिळायला अकरा दिवस लागले. अकरा दिवस मी पाटसच्या रस्त्याला फास्ट चार्जरवर जाऊन उभा राहायचो आणि तुझी मामी घरी बसून हसायची.

दुसरी गोष्ट त्याहून मजेशीर. महिनाभरानं शोरूममधल्या पोराचा फोन आला, सर्व्हिसची आठवण करून द्यायला. बोलता बोलता म्हणाला, "काका, काल काष्टीला होतात ना दुपारी?" मी चाट. गाडीचं ॲप अजून त्याच्याच मोबाइलवर होतं. गाडी कुठं आहे, चार्ज किती आहे, सगळं त्याला घरबसल्या दिसत होतं, कुलूपही तोच उघडू शकत होता. पोरगा सज्जन, त्यानं लगेच काढून टाकलं. पण तू मात्र ताबा घ्यायच्या दिवशी, शोरूममध्येच, ॲपमधला जुना मालक काढून तुझं नाव टाकून घे, मग चावी हातात घे. दोन्ही चाव्या.

बॅटरी तपासायची एक युक्ती मला रेल्वेतल्या एका मित्रानं सांगितली, ती तुला देतो. डेमोची गाडी पोरं दाबून पळवतात, फास्ट चार्जरवर घाईघाईत भरतात, आणि मे महिन्यात चाळीस अंशांत शंभर टक्के भरून उन्हात उभी ठेवतात. बॅटरीला यातलं काहीच मानवत नाही. शोरूमवाला सांगेल, आरोग्य अठ्ठ्याण्णव टक्के. मॅडम, बघा स्क्रीन. स्क्रीन राहू दे. गाडी वीस टक्क्यांपर्यंत खाली आण आणि फास्ट चार्जरवर ऐंशीपर्यंत भर. बॅटरी ४५ युनिटची असेल तर साठ टक्के म्हणजे २७ युनिट. पावतीवर अठ्ठावीस-एकोणतीस आले तर गणित जुळलं, थोडी वीज उष्णतेत आणि पंख्यात जातेच. पावती तेवीस-चोवीसवर थांबली आणि काटा मात्र ऐंशीवर गेला, तर त्या टाकीत ४५ युनिट मावत नाहीत, हे उघड आहे. शोरूमवाला तयार होत नसेल तर तोही एक निकालच समज. याशिवाय कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या आरोग्याचा छापील अहवाल माग, त्यावर चासी नंबर असलाच पाहिजे.

काचेतली गाडी घेतलीस तर वेगळी काळजी. तिच्यावर कोणी चालवण्याचा अत्याचार केलेला नसतो, पण दिवसभर लोक दारं उघडतात, स्क्रीन लावतात, पोरं सीटवर नाचतात. छोटी बारा व्होल्टची बॅटरी अशानं मरते, आणि ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. ती नवी बसवून माग. आवारात पडून राहिलेली असेल तर बॉनेट उघडून कोपऱ्यात टॉर्च मार. आवारात उभ्या गाड्यांत उंदीर शिरतात आणि केशरी वायरी त्यांना का आवडतात देव जाणे, पण आवडतात. आणि खरी डेमो घेतलीस तर ती लिफ्टवर चढवून खालून बघ. बॅटरीची पेटी तळाला असते आणि परका माणूस डेमो चालवताना गतिरोधकावर हळू करत नाही. पेटीवर खरवडलेलं किंवा चेपलेलं दिसलं तर ती गाडी सोडून दे. पुढं कधी वॉरंटी मागायला गेलीस की तोच ओरखडा तुझ्या गळ्यात मारतील.

कागदांचं मी लांबवत नाही. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बघ, मालक कोण, कर्जाचा बोजा आहे का, विमा चालू आहे का. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र मिळाल्याशिवाय पैसा नको. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. विमा चौदा दिवसांत तुझ्या नावावर, नाहीतर त्या दरम्यान काही झालं तर भांडण. बँकेत आधी जा, कारण नोंदणी झालेली गाडी बँकेच्या लेखी जुनी असते, व्याजदर चढा लागतो आणि मुदत आखूड मिळते. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खाजगी, पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची. पिवळ्या अक्षरांच्या गाडीला डेमो म्हणून कोणी खपवत असेल तर चहा पिऊन परत ये. आणि पुण्याच्या शोरूमची गाडी असेल तर तिचा एमएच १२ नंबर तुला शिरूरला तसाच चालेल.

घरच्या वायरिंगचं बघ. शिरूरच्या घराला अर्थिंग कसं आहे कुणी तपासलंय का? गाडीचा चार्जर नाजूक असतो, अर्थिंग धड नसेल तर लाल दिवा लावून बसतो आणि लोक गाडीला शिव्या देतात. चांगला वायरमन बोलावून खड्डा नव्यानं करून घे, कोळसा-मीठ जे काय करायचं ते करू दे. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ४५ युनिटची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर अख्ख्या रात्रीहून जास्त वेळ लागतो, ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर साडेसहा-सात तास. तुझं रोजचं जाणं-येणं पस्तीस-चाळीस किलोमीटर, तुला तीन-चार दिवसांतून एकदा सॉकेटच पुरे. आणि जावईबापू न्हावऱ्याच्या शेतावरल्या मोटारीच्या मीटरवर गाडी लावायचं म्हणत होते, ते डोक्यातून काढायला सांग. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकारनं माफ केलंय ते पाणी उपसायला. त्या मीटरवर गाडी भरली तर वीज कायद्याचं कलम १२६ लागतं, अनधिकृत वापर म्हणून दंडाचं बिल येतं. शिवाय शेतीची लाइन कधी दिवसा कधी रात्री, आठ तास.

नवीनच बुक करायचं ठरलं तर चार गोष्टी. बुकिंगच्या पावतीवर रंग आणि व्हेरिएंटबरोबर 'चालू वर्षात बनलेली गाडी' असं लिहून घे, डिसेंबर-जानेवारीत तर हमखास. किंमत डिलिव्हरीच्या दिवसाची लागते, बुकिंगच्या दिवसाची नाही, हे गृहीत धर. विमा बाहेरून काढायचा तुला पूर्ण हक्क आहे, दोन ठिकाणी दर विचार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी नोंदणीला जायच्या आधी स्वतः जाऊन बघ. चासी नंबर लिहून घे, दहावं अक्षर बघ, किलोमीटर बघ, रंगाचा कोपरा न् कोपरा सकाळच्या उजेडात बघ. नंबर पडला की गाडी तुझी, ओरखडाही तुझा. पाडव्याला किंवा दसऱ्याला डिलिव्हरी घ्यायची हौस असेल तर घे, पण गाडी बघायचं काम आठ दिवस आधी कर. मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये हार, पेढे, फोटो आणि तीस गाड्यांची रांग असते, त्या गर्दीत ओरखडा सोड, पाचवं चाक आहे का नाही तेही कुणी बघत नाही.

मी रेल्वेच्या इंजिनावर नोकरी केली. ताबा घेताना आधीचा ड्रायव्हर चहा पीत 'एकदम ओके आहे' म्हणायचा, आणि मी लॉगबुक उघडायचो. त्यात कधीकधी त्याच्याच हस्ताक्षरात ब्रेकची तक्रार लिहिलेली असायची. डेमोच्या गाडीचीही सर्व्हिसची नोंद कंपनीच्या संगणकात असते. अपघात दुरुस्ती, बॅटरीवरचं काम, सॉफ्टवेअर कधी बदललं, सगळं. ती प्रिंट मागायला लाजू नकोस.

ती डेमो तू पुन्हा बघायला जाशील ते शनिवारी ठेव, मी येतो. बारीक टॉर्च आणि चष्मा घेऊन. काष्टीच्या बाजारामुळं त्या दिवशी तांदळीकडचा रस्ता टेम्पो आणि बैलांनी तुंबलेला असतो, त्यामुळं मी पाटस-चौफुल्यावरून न्हावऱ्याला येईन आणि तिथून शिरूरला. तू फक्त शोरूमवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेव, गाडी वीस टक्क्यांवर आणून ठेवा म्हणून.